स्वरवेध : खाँसाहेब अब्दुल करीम खाँ आणि ऐकण्याचे शास्त्र

दिल्लीतील मराठी माणसाला पानिपतची वाट निराळी सांगावी लागत नाही. सरोजिनी नगरासारख्या सरकारी वसाहतींत राहिलेली कितीतरी कुटुंबे सुट्टीच्या दिवशी मुलाबाळांसह काला आंबच्या स्मारकापर्यंत जाऊन आलेली असतात. त्या स्मारकापाशी बहुतेकांचा प्रवास संपतो. पण तेथून पूर्वेकडे वळून यमुना ओलांडली की थोड्याच अंतरावर कैराना नावाचे एक जुने गाव लागते. ११ नोव्हेंबर १८७२ रोजी त्या गावी काले खाँ नावाच्या गवयाच्या घरी एक मुलगा जन्मला आणि पुढे महाराष्ट्राचाच होऊन गेला. ज्याला आपण किराणा घराणे म्हणतो त्या घराण्याचे नाव या कैरान्यावरून पडले. ते रुजले मात्र मिरज, पुणे, कुंदगोळ आणि धारवाड या पट्ट्यात. अब्दुल करीम खाँ यांच्या आयुष्याची दिशा आणि दिल्लीत येऊन वसलेल्या मराठी माणसांची दिशा एकमेकींच्या उलट आहेत, एवढेच.

खाँसाहेबांचे शिक्षण वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे झाले. घराण्यात गाण्याइतकीच सारंगी आणि बीन यांची परंपरा होती. लहानपणी अब्दुल करीम यांच्याही हाती प्रथम सारंगीच आली. या गोष्टीचे महत्त्व कमी लेखू नये. सतारीला पडदे असतात आणि पेटीला पट्ट्या असतात. त्यामुळे बोट योग्य जागी पडले की स्वर बऱ्याच अंशी आपोआप मिळतो. सारंगीला यातले काहीच नाही. नखाच्या कडेने तारेला स्पर्श करीत स्वराची जागा कानानेच शोधावी लागते, आणि केसाएवढी चूक झाली तरी ती लपत नाही. ज्या मुलाचा कान सहाव्या-सातव्या वर्षापासून असा राबतो, त्याचा मेंदू इतरांसारखा राहत नाही. ही आता केवळ उस्तादांची श्रद्धा उरलेली नाही. संगीताची दीर्घ तालीम घेतलेल्यांच्या मेंदूत स्वराला मिळणारा प्रतिसाद अधिक रेखीव असतो, हे प्रयोगांतून दिसून आले आहे.

खाँसाहेबांच्या आयुष्याचा उलगडा होण्यासाठी ऐकणे म्हणजे काय हे थोडे पाहिले पाहिजे. तार हलते, हवा हलते, आणि ती हालचाल कानाच्या पडद्यावर येऊन आदळते. पडद्यामागे तीन इवल्या हाडांची साखळी आहे. त्यांतील शेवटचे, रिकिबीच्या आकाराचे हाड तर अवघे तीन मिलिमीटरांचे आहे. ते पुढच्या द्रवाने भरलेल्या नळीला धक्के देते. ही नळी गोगलगाईच्या शंखासारखी अडीच-पावणेतीन वेढ्यांची असून उलगडली तर सुमारे ३५ मिलिमीटर भरेल. तिच्या आतल्या पडद्यावर सुमारे पंधरा हजार केशपेशी ओळीने बसलेल्या आहेत. उंच स्वर तोंडाजवळच्या पेशींना जागे करतात, तर खर्जाचे स्वर शेवटच्या टोकापर्यंत पोचतात. द्रवातून लाट कशी पुढे सरकते आणि प्रत्येक स्वर आपापल्या जागी कसा उंचावतो, हे हंगेरीच्या गेओर्ग फोन बेकेशी यांनी मृतांच्या कानांवर प्रयोग करून दाखवले. त्यासाठी त्यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कान असा स्थळाचा हिशेब ठेवतो. त्याच्या जोडीला काळाचा हिशेबही असतो, म्हणजे स्वराच्या कंपनांच्या ठेक्याशी मिळून मज्जातंतू स्पंदने पाठवीत राहतात. हे दोन्ही हिशेब मेंदूत जुळतात तेव्हा कुठे आपण षड्ज ऐकला असे म्हणतो. म्हणजे तारेत असते ती हालचाल. तिचा स्वर होतो तो आत.

तारुण्यात खाँसाहेब भावासह बडोद्याला आले आणि १८९४ च्या सुमारास सयाजीराव गायकवाडांच्या दरबारी गायक म्हणून राहिले. तेथे राजघराण्याशी नाते असलेल्या सरदार मारुतीराव माने यांच्या कन्या ताराबाई यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. सरदाराची मुलगी आणि मुसलमान गवई हा संबंध त्या काळी मान्य होणे शक्यच नव्हते. दोघांनी बडोदे सोडले. मुंबईत काही काळ काढून ते मिरजेस येऊन स्थिरावले. या प्रसंगाविषयी पुष्कळ रंगवून लिहिले गेले आहे. राजाश्रय, पगार आणि प्रतिष्ठा यांवर पाणी सोडून हे दोघे निघाले, एवढी गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

मिरज हे पटवर्धनांच्या संस्थानाचे गाव. त्या काळात तेथे दोन गोष्टींचा लौकिक होता, डॉक्टरांचा आणि तंबोऱ्यांचा. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तेथे राहत होते आणि विष्णु दिगंबर पलुस्करांनी तेथेच त्यांच्यापाशी विद्या घेतली होती. फरीदसाहेब सितारमेकरांच्या वंशजांनी गावात वाद्ये घडविण्याची पेठच वसवली होती. मिरजेच्या सतारींना आणि तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळाले ते अलीकडे, २०२४ साली. पण दक्षिणेतील आणि उत्तरेतील गवई तंबोऱ्यासाठी मिरजेची वाट धरीत ते शतकाहून अधिक काळापासून. प्लेगच्या साथीत खाँसाहेब आजारी पडले, ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात गाऊन त्यांनी आळवणी केली आणि ते बरे झाले, अशी कथा मिरजेत आजही सांगितली जाते. कथेचे काहीही असो, गावाशी आणि दर्ग्याशी त्यांचे नाते जन्मभर टिकले. वाद्ये स्वतः दुरुस्त करण्याची त्यांची हातोटीही सर्वश्रुत होती. भोपळा, दांडी, खुंट्या आणि घोडी यांची त्यांना कारागिराइतकी जाण होती.

तंबोऱ्याची जवारी लावणे हे काम दिसायला क्षुल्लक असते. घोडीचा माथा सपाट न ठेवता त्याला अगदी हलका उतार देतात आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवतात. धागा तसूभर इकडे-तिकडे झाला की तंबोरा एकदम बोलू लागतो किंवा मुका होतो. त्यात काय घडते याचा शोध चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्यात घेतला आणि १९२१ साली तो प्रसिद्ध केला. तार जेथे छेडली जाते तेथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू पडतो तो उपस्वर उमटूच नये, असा युरोपात मान्य झालेला नियम होता. तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत, असे रामन यांना आढळले. घोडीच्या वक्र माथ्यावर तार घासत राहते आणि जे उपस्वर दबायला हवेत तेही उसळून वर येतात. आपल्या कारागिरांनी हे समीकरण मांडून साधले नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या कान लावून त्यांनी ते घोडीत घासून बसवले होते.

या उपस्वरांमुळेच तंबोऱ्यातून एक आश्चर्य ऐकू येते. खर्जाची तार सेकंदाला १२० कंपने देत आहे असे धरले, तर तिच्यातून २४०, ३६०, ४८० आणि ६०० कंपनांचे उपस्वरही निघतात. यातील ३६० म्हणजे पंचम आणि ६०० म्हणजे गांधार. कोणतीही तार गांधाराला लावलेली नसते, तरीही उत्तम जुळलेल्या तंबोऱ्यातून गांधार स्पष्ट ऐकू येतो. म्हणूनच आपल्या गवयांनी त्याला स्वयंभू गांधार म्हटले. पंचमाच्या तारेतून याच रीतीने ऋषभ आणि निषाद उमटतात. चार तारांच्या या साध्या वाद्यात जवळजवळ सारे शुद्ध सप्तक लपलेले असते, आणि ते ऐकू येण्यासाठी कानाची तयारी मात्र लागते. खाँसाहेब मैफलीपूर्वी तंबोरे लावण्यात जो वेळ घालवीत त्याची अनेकांना गंमत वाटे. त्यांच्या लेखी तेवढ्यात अर्धी मैफल झालेली असे.

उलट दिशेचा चमत्कारही आहे. खर्जाच्या तारेचा मूळ स्वर पुष्कळदा अगदी क्षीण असतो आणि उपस्वरच बलवान असतात. तरीही ऐकणाऱ्याला खर्जच ऐकू येतो. उपस्वरांमधील समान अंतर ओळखून मेंदू गाळलेली जागा भरून काढतो. याचा अनुभव घरोघरी रोज येतो. जुना दूरध्वनी सेकंदाला ३०० कंपनांच्या खालचे काहीच पोचवीत नसे, आणि पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर तर १२० च्या आसपास असतो. तरीही गावाकडून वडिलांचा फोन आला तर आवाज वडिलांचाच वाटत असे. फोनमध्ये नसलेला स्वर ऐकणाऱ्याच्या डोक्यात निर्माण होत होता.

खाँसाहेबांच्या या कानाची कीर्ती सांगलीस पोचली. तेथे कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर होते. प्राचीन ग्रंथांत सांगितलेल्या बावीस श्रुती प्रत्यक्षात कोठे आहेत, या प्रश्नाने त्यांना झपाटले होते. तारेखाली घोडी सरकवून लांबी मोजायची आणि गायकाचा स्वर तारेशी जुळला की आकडा टिपून ठेवायचा, अशी त्यांची पद्धत होती. मोजण्यासारखा स्थिर आणि निर्मळ स्वर लावणारा गायक त्यांना हवा होता. तो खाँसाहेबांच्या रूपाने मिळाला. षड्जाची तार ३६ इंच धरली तर पंचम २४ इंचांवर आणि गांधार २८.८ इंचांवर येतो. तीन-दोन, पाच-चार अशी सोपी गुणोत्तरे निघतात. १९१० साली देवलांचा बावीस श्रुतींवरील इंग्रजी ग्रंथ निघाला. अर्नेस्ट क्लेमेंट्स या सनदी अधिकाऱ्याने पुढे हे काम उचलून धरले आणि श्रुतींप्रमाणे जुळवलेली एक हार्मोनियम करवून घेतली.

साध्या पेटीत नेमके काय बिघडते हे आकड्यांनीच नीट कळते. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. त्यामुळे १२० चा खर्ज धरला तर पेटीचा तार गांधार ६०० वर न येता जवळजवळ ६०५ वर येतो. फरक पाच कंपनांचा, म्हणजे शेकड्याला एकाहूनही कमी. पण तंबोऱ्यातून ६०० चा स्वयंभू गांधार वाहत असताना पेटीने ६०५ चा गांधार धरला, की दोहोंच्या टकरीतून सेकंदाला पाच वेळा एक हेलकावा उठतो. कानाच्या आत दोन्ही स्वर जवळजवळ एकाच जागच्या पेशींना हलवतात आणि त्या पेशींना ते वेगळे करता येत नाहीत. सामान्य श्रोत्याला नुसते काहीतरी खुपते. ज्याने सारंगीवर बालपण घालवले त्याला ते उघड दिसते. दिल्लीतच आकाशवाणीच्या पाश्चात्य संगीत विभागाचे प्रमुख जॉन फोल्ड्स यांनी १९३८ साली पेटीवर कडाडून टीका केली. १९४० पासून आकाशवाणीवर पेटीला बंदी आली आणि ती उठायला १९७१ उजाडले. आज लहान मुलांचे सूर पेटीवरच घोटले जातात, म्हणून ही जुनी भांडणे पालकांनी ठाऊक करून घेण्याजोगी आहेत.

मार्च १९१६ मध्ये बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिच्यामागे पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे परिश्रम होते. श्रुतींचा वाद तेथे जाहीरपणे निकालात निघावा असा विचार झाला. क्लेमेंट्स यांची हार्मोनियम मांडली गेली आणि उदयपूरचे धृपदिये झाकिरुद्दीन खाँ यांच्यासारख्या मुरलेल्या कलावंतांच्या स्वरांशी ती ताडून पाहण्यात आली. ती जुळली नाही. भातखंड्यांनी श्रुतींचे आकडे बाजूस ठेवून बारा स्वर आणि दहा थाट यांवर आपली पद्धती उभी केली. दोन वर्षांनी, १९१८ मध्ये, परिषदेचे दुसरे अधिवेशन दिल्लीत झाले. तोवर वादाची धार बोथट झाली होती.

देवलांचे काम फुकट गेले असे मात्र म्हणता येणार नाही. मोजण्याचा आग्रह धरणारा माणूस नसता तर प्रश्न कुणाला दिसलाच नसता. चूक मोजण्यात नव्हती. मोजलेला स्वर धातूच्या पट्टीत कायमचा कोंडून ठेवण्यात ती होती. गायकाचा गांधार प्रत्येक रागात एकाच बिंदूवर उभा राहत नाही. दरबारीचा गांधार झुलतो आणि तोडीचा गांधार खाली ओढला जातो. शेजारचा स्वर कोणता, ओघ वरून आला की खालून, यावर कानाचा निवाडा ठरतो. १९६३ साली नझीर जयराजभॉय आणि त्यांच्या सहकाऱ्याने उत्तर हिंदुस्थानी कलावंतांचे स्वर यंत्राने मोजले. तेव्हा वेगवेगळ्या कलावंतांचेच काय, एकाच कलावंताचा तोच स्वर एकाच मैफलीत निरनिराळ्या मापाचा भरला. तरीही श्रोत्यांना तो सुरेल वाटला होता. खाँसाहेबांच्या गळ्यावर उभा राहिलेला आकडा खरा होता, पण तो त्या क्षणाचा होता.

१९१३ साली खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. पुढे मुंबईतही त्याची शाखा निघाली. बरेच शिष्य विद्यालयातच राहत, जेवत आणि शिकत. खर्च भागवण्यासाठी खाँसाहेब तिकिटे लावून जलसे करीत. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, हे त्यांचे नावाजलेले शिष्य. बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी हे आणखी एक शिष्य. त्यांनी गुरूंचे विस्तृत मराठी चरित्र लिहिले आणि श्रुतींचा शोधही पुढे चालवला. विद्यालयात एकच स्वर दीर्घकाळ लावून धरण्याच्या रियाजावर भर असे. मुलांना तो कंटाळवाणा वाटत असणार. पण आत जे घडते ते मजेचे आहे. कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंबरोबर मेंदूकडून कानाकडे येणारे तंतूही असतात. ऐकायचे काय हे मेंदू कानाला सांगत असतो. केशपेशींपैकी बाहेरच्या रांगांतील पेशी स्वतः ताणतात, आक्रसतात आणि हव्या त्या क्षीण स्वराला बळ देतात. या हालचालीमुळे निरोगी कानातून अतिशय मंद आवाज बाहेरही येतो. तो १९७८ मध्ये लंडनच्या डेव्हिड केंप यांनी पकडला. आज नवजात बालकाची श्रवणचाचणी त्याच आधारे केली जाते. सरोजिनी नगरच्या बाजारात रविवारी संध्याकाळी शंभर विक्रेते एकाच वेळी ओरडत असताना हरवलेल्या मुलाला आईची एकच हाक कळते, तीही मेंदूच्या या निवडीमुळेच.

याच काळातली एक गोष्ट पुण्या-मुंबईतल्या जुन्या रसिकांच्या तोंडी पुष्कळ वर्षे होती. खाँसाहेबांनी टिपू नावाच्या कुत्र्याला स्वरात स्वर मिळवायला शिकवले होते आणि त्याला लोकांपुढे गायलाही लावले होते. काहींनी त्यात थट्टा पाहिली, काहींना तो संगीताचा अपमान वाटला. कुत्र्याचा कान माणसाच्या दुपटीहून अधिक उंच स्वर ऐकतो हे खरे असले, तरी षड्जाला षड्ज मिळवणे ही निराळी गोष्ट आहे. ते शिकवणाऱ्याच्या चिकाटीचे तरी कौतुक करावेच लागेल.

दक्षिणेकडे खाँसाहेबांचा ओढा मोठा होता. म्हैसूरच्या दरबारी त्यांचा सन्मान झाला, कर्नाटक पद्धतीचा सरगम त्यांनी आपल्या गायकीत आणला आणि काही कर्नाटक कृतीही ध्वनिमुद्रित केल्या. त्या काळच्या उत्तरेतील उस्तादांमध्ये हे औदार्य दुर्मिळ होते. मराठी नाट्यपदेही त्यांच्या तबकड्यांवर आहेत. उत्तरेकडचा गवई ‘ळ’ कसा उच्चारत असेल असा प्रश्न दिल्लीच्या मराठी मुलांना पडावा. शाळेबाहेर पाऊल टाकले की त्यांच्या ‘बाळ’चे ‘बाल’ आणि ‘काळे’चे ‘काले’ होत आलेले आहे. याचे कारणही कानातच आहे. जन्मलेले मूल जगातील कोणत्याही भाषेचे ध्वनी वेगळे ओळखू शकते. पहिला वाढदिवस येईतो त्याचा मेंदू घरातल्या भाषेपुरता आवळत जातो. कॅनडातील संशोधकांनी १९८४ साली हे दाखवले ते हिंदीच्याच ‘त’ आणि ‘ट’ या जोडीवर. इंग्रजी घरांतील सहा महिन्यांची बाळे हा फरक ओळखत, वर्षाच्या आतबाहेर मात्र तो त्यांना ऐकूच येईनासा होई. ज्याला ‘ळ’ ऐकू येत नाही तो उच्चारणार कसा? खाँसाहेबांपुरता मात्र हा प्रश्न नव्हता. कैराना ज्या पट्ट्यात येते तेथील कौरवी बोलीत आणि यमुनेअलीकडच्या हरियाणवीत ‘ळ’ नांदतो आहे.

१९२२ साली ताराबाई पाचही मुलांना घेऊन घर सोडून गेल्या. कारणे घरातली होती. मुलांची नावे बदलली. अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाले, चंपाकली हिराबाई बडोदेकर झाली, धाकटी सकीना पुढे सरस्वती राणे म्हणून नावारूपाला आली. कृष्णराव आणि कमलाबाई ही मधली दोघे. मुलांच्या नावापुढे वडिलांचे नाव उरले नाही. खाँसाहेबांनी याविषयी जाहीरपणे काही बोलल्याचे ऐकिवात नाही. विद्यालयाचा व्याप त्यानंतर ओसरत गेला आणि ते पुन्हा मिरजेच्या आश्रयाला आले. शिष्या सरस्वतीबाई मिरजकर यांच्याशी त्यांनी पुढे संसार मांडला.

परंतु ऐकलेले पुसता येत नाही. घर सुटले तेव्हा सुरेशबाबू विशीत होते, हिराबाई सतरा वर्षांच्या होत्या आणि धाकटी सकीना नऊ वर्षांची होती. ज्या वयात कान घडतो ते वय सर्वांनी त्या तंबोऱ्यांच्या सावलीत काढले होते. हिराबाईंना प्रत्यक्ष तालीम दिली ती त्याच घराण्यातील अब्दुल वहीद खाँ यांनी. त्यांना कानाने कमी ऐकू येत असे, म्हणून ते बहिरे वहीद खाँ म्हणून ओळखले जात. रागाची एकेक जागा इतक्या सावकाश आणि बारकाईने उलगडणारा दुसरा गवई त्या काळात नव्हता. मनुष्याला स्वतःचा आवाज दोन वाटांनी पोचतो, एक हवेतून आणि एक कवटीच्या हाडांतून. आपलेच ध्वनिमुद्रण ऐकताना परके वाटते ते यामुळे. आणि पुष्कळ वर्षे गायलेल्याला स्वर लावण्यापूर्वीच तो मनात ऐकू येतो. बाहेरचा कान मंदावलेल्या उस्तादाने घडवलेली हिराबाईंची गायकी महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. तिच्यातील स्वरलगावात वडिलांचा भास होतो, असे जाणकार म्हणत आले.

खाँसाहेबांचा आवाज बारीक, उंच आणि काहीसा अनुनासिक होता. पल्लेदार, दणदणीत गळ्याची सवय असलेल्यांना तो प्रथम ऐकताना दुबळा वाटे. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांची ध्वनिमुद्रणे झाली ती कर्ण्यात तोंड घालून गाण्याच्या काळात. तो कर्णा खालचे आणि अगदी वरचे स्वर गिळून टाकी. पुढे विजेच्या साहाय्याने मुद्रण होऊ लागले, आणि १९३० नंतरच्या तबकड्यांतून, विशेषतः झिंझोटीतील आणि भैरवीतील ठुमऱ्यांतून, त्यांचा स्वर घरोघरी पोचला. तीन-साडेतीन मिनिटांच्या त्या तबकड्यांत खरखर पुष्कळ आहे. दोन-चार आवर्तनांनंतर ती ऐकू येईनाशी होते. यंत्र तर ती शेवटपर्यंत वाजवीत असते. गाळून टाकणारा श्रोत्याचाच मेंदू असतो.

ऑक्टोबर १९३७ मध्ये खाँसाहेब मद्रासकडे होते. तेथून श्रीअरविंदांच्या आश्रमात गाण्यासाठी त्यांना पाँडिचेरीस जायचे होते. रात्रीच्या गाडीत छातीत कळ येऊ लागली, म्हणून चेंगलपट्टूच्या अलीकडे सिंगापेरुमाल कोइल या लहानशा स्थानकावर ते शिष्यांसह उतरले. फलाटावर अंथरूण घातले गेले. त्यांनी नमाज पढली, तंबोरा जुळवून घेतला आणि दरबारीचे स्वर आळवीत असताना त्यांचे प्राण गेले. तो दिवस २७ ऑक्टोबरचा होता.

त्यांना मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले. सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी आणि गंगूबाई हनगळ यांनी ती गायकी पुढे देशभर नेली. दरवर्षी उरुसाच्या दिवसांत मिरजेत खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते, आणि गावातले कारागीर जवळच्याच पेठेत भोपळे कोरून तंबोऱ्यांच्या घोड्या घासत बसलेले असतात.